पालिकेच्या दफ्तरातील नागरिक : कोणती नोंद कोणासाठी खुली?

महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या माणसाची जितकी माहिती पालिकेच्या दफ्तरात साठलेली असते, तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या सरकारी कार्यालयात असेल. जन्माची नोंद पालिकेत, लसीकरणाची नोंद पालिकेच्या दवाखान्यात, शाळा पालिकेची असेल तर पटावरचे नावही तेथेच. विवाहाची नोंदणी, घराची करआकारणी, नळजोडणी, दुकानाचा परवाना, पाळीव कुत्र्याचा परवाना, पालिका रुग्णालयातील केसपेपर आणि अखेरीस स्मशानभूमीतील पावती व मृत्यूचा दाखला. या प्रत्येक टप्प्यावर नागरिक आपले नाव, पत्ता, वय, जात, आधार क्रमांक, मोबाईल क्रमांक यांपैकी काही ना काही खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याच्या स्वाधीन करतो.

ती माहिती पुढे कोणाच्या हाती पडते, कोणाला ती मागण्याचा हक्क आहे आणि कोणाला नाही, याची फारशी चौकशी आजवर कोणी करत नव्हते. त्याचे कारणही उघड आहे. दफ्तर कागदी होते, तोवर विभाग कार्यालयात जाऊन, अर्ज करून, शुल्क भरून, लिपिकाने रजिस्टर शोधून देईपर्यंत बाकावर बसून राहण्याची तयारी असणाऱ्यालाच माहिती मिळत असे. नागरिकाच्या खासगीपणाचे रक्षण कायद्यापेक्षा या खेटेच जास्त करीत होते. संगणकीकरणाने खेटे संपवले. परंतु त्यांच्या जागी नियमांची भिंत मात्र वेळेवर उभी राहिली नाही. आता ती उभी राहू लागली आहे, पण नेमकी कोणत्या बाजूने, हा वादाचा विषय आहे.

काही दफ्तरे मुळातच खुली

पालिकेकडील प्रत्येक नोंद गोपनीय असते, हा सर्वसाधारण समज बरोबर नाही. काही नोंदी कायद्यानेच खुल्या ठेवलेल्या आहेत आणि त्यामागे सबळ हेतू आहे.

मालमत्ता कराचे उदाहरण घेऊ. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात करनिर्धारण पुस्तकाची तरतूद आहे. प्रत्येक इमारतीचे वर्णन, तिचे करपात्र मूल्य आणि कर भरण्यास प्रथमतः जबाबदार असलेल्या व्यक्तीचे नाव त्यात लिहिले जाते. पुस्तक तयार झाले की जाहीर सूचना काढायची, ते पाहणीसाठी खुले ठेवायचे आणि हरकती मागवायच्या, अशी रीत त्या कायद्याने घालून दिली. राज्यातील इतर महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या कायद्यातील करविषयक नियमही याच वळणाचे आहेत. शेजारच्या तितक्याच मोठ्या वाड्यावर आपल्यापेक्षा निम्मा कर का, हा प्रश्न विचारता यावा, वशिल्याला आळा बसावा, यासाठी ही व्यवस्था होती. करदात्याचे नाव उघड होणे ही त्या न्याय्य व्यवहाराची किंमत मानली गेली.

थकबाकीदारांच्या बाबतीत तर पालिका स्वतःच पुढाकार घेऊन नावे जाहीर करतात. बड्या थकबाकीदारांच्या याद्या दरवर्षी मार्चअखेरीस वृत्तपत्रांकडे येतात. पुण्यासह काही महापालिकांनी थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवण्याचाही प्रयोग करून पाहिला. वसुली किती झाली हा भाग निराळा, पण गल्लीची करमणूक झाली हे खरे. कर थकवणाऱ्या बड्या कंपनीचे नाव छापणे आणि आजारपणामुळे दोन वर्षे कर न भरू शकलेल्या निवृत्त कर्मचाऱ्याच्या दारात ढोल बडवणे, यांत फरक करायला हवा, असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते. असा फरक करणारा निकष मात्र कायद्यात सापडत नाही.

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा केंद्रीय कायदा या बाबतीत अधिक विचारपूर्वक केलेला आहे. विहित शुल्क भरून कोणालाही नोंदवहीत शोध घेण्याची मागणी करता येते आणि नोंदीचा उतारा मिळवता येतो. मात्र मृत्यूच्या नोंदीचा उतारा देताना मृत्यूचे कारण त्यात उघड करायचे नाही, अशी स्पष्ट अट कलम १७ मध्ये आहे. डॉक्टरने प्रमाणित केलेले मृत्यूचे कारण पालिकेकडे येते, सार्वजनिक आरोग्याच्या आकडेवारीसाठी ते वापरले जाते, परंतु दाखल्यावर छापले जात नाही. आत्महत्या, संसर्गजन्य रोग, व्यसन यांचा डाग मृताच्या कुटुंबावर कागदोपत्री लागू नये, याची काळजी संगणक येण्याच्या कितीतरी आधी घेतली गेली होती. आवश्यक ती माहिती गोळा करायची, पण कामाला लागेल तेवढीच बाहेर द्यायची, या तत्त्वाचे आपल्याकडील हे बहुधा सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक असावे.

कडेकोट बंद असलेली दफ्तरे

आरोग्य विभागातील नोंदींचे नियम याहून कडक आहेत. गर्भपातासंबंधीच्या नियमांनुसार गर्भपात केंद्रातील दाखल रजिस्टर हा गोपनीय दस्तऐवज मानला जातो आणि इतर कागदपत्रांत स्त्रीचे नाव न लिहिता अनुक्रमांक लिहायचा असतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज इतरांपुढे तिची ओळख उघड करणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरला. एचआयव्हीबाधितांच्या संदर्भात २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार बाधित व्यक्तीच्या संमतीशिवाय तिची स्थिती उघड करता येत नाही. अपवाद आहेत, पण ते मोजके.

क्षयरोगाची बाब थोडी वेगळी. २०१२ मध्ये केंद्र सरकारने क्षयरोगाची नोंद देणे सक्तीचे केले. खासगी डॉक्टरांनीही आपल्या रुग्णाची माहिती स्थानिक आरोग्य यंत्रणेला, म्हणजे शहरात पालिकेला, कळवायची. २०१८ मध्ये औषध विक्रेतेही या साखळीत आले. सार्वजनिक आरोग्यासाठी हे आवश्यकच होते. औषधांचा क्रम अर्धवट सुटला तर रोग बळावतो, म्हणून आरोग्य कर्मचारी रुग्णाच्या घरी जातात, फोन करतात. परंतु चाळीत किंवा दाट वस्तीत पालिकेचा कर्मचारी एखाद्याच्या दारात पुन्हा पुन्हा येऊ लागला की शेजाऱ्यांना रजिस्टर पाहण्याची गरजच उरत नाही. लग्नाळू मुलीच्या घरी तर ही भेट नकोशी वाटते. गोपनीयतेचा भंग कागदावरूनच होतो असे नाही.

करोनाच्या साथीत हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. मार्च २०२० मध्ये गृहविलगीकरणात असलेल्यांच्या हातावर शिक्के मारण्याचा निर्णय राज्यात झाला. इमारती प्रतिबंधित झाल्या, दारांवर फलक लागले. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे फलक सरसकट लावता येणार नाहीत, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा तसा आदेश असेल तरच ते लावता येतील, असे स्पष्ट केले. तोवर साथीची पहिली लाट ओसरून गेली होती.

सर्वांत भक्कम कुलूप आहे ते जनगणनेला. १९४८ च्या जनगणना कायद्यातील कलम १५ नुसार प्रगणकाने लिहिलेली नोंद पाहण्याचा हक्क कोणालाही नाही आणि ती नोंद न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. प्रगणक म्हणून दारात येणारे बहुतेकदा पालिकेचेच शिक्षक वा कर्मचारी असतात. गंमत अशी, की हेच कर्मचारी एरवी इतर सर्वेक्षणांसाठीही येतात. जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगासाठी झालेल्या सर्वेक्षणात पालिका कर्मचाऱ्यांनीच घरोघरी जाऊन मोबाईल ॲपवर उत्तरे भरून घेतली. दारातला माणूस तोच, हातातला फोनही कदाचित तोच. पण जनगणनेतील उत्तराला असलेले कलम १५ चे संरक्षण इतर सर्वेक्षणांतील उत्तरांना आपोआप मिळत नाही. हा फरक नागरिकाला सांगण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

खेटे संपले, पुढे काय?

या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत कल्याण-डोंबिवली महापालिकेने नागरी सुविधा केंद्र आणि संगणकीकृत कारभाराचा पायंडा पाडला. पुढे राज्यातील इतर पालिकांसाठी तो नमुना मानला गेला. एका खिडकीवर दाखला मिळू लागला, कराचे देयक घरबसल्या दिसू लागले. नागरिकांचा त्यात फायदाच झाला, यात शंका नाही.

पण खुले पुस्तक आणि संकेतस्थळावरील शोधपेटी यांत मूलभूत अंतर आहे. करनिर्धारण पुस्तक पाहायला येणारा माणूस सहसा एक इमारत पाही. संकेतस्थळावर मात्र एखाद्या संगणक तज्ज्ञाला छोटी आज्ञावली लिहून अख्ख्या प्रभागातील मालकांची नावे, क्षेत्रफळ आणि थकबाकी एका रात्रीत उतरवून घेता येते. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही वेळी खुलीच माहिती पाहिली गेली. परिणाम मात्र सारखा नाही. एकटी राहणारी वृद्ध स्त्री कोणत्या मोठ्या सदनिकेची मालक आहे, हे शोधणे पहिल्या पद्धतीत कष्टाचे होते; दुसऱ्या पद्धतीत ते चाळणी लावण्याइतके सोपे आहे.

हा फरक मतदार याद्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. निवडणूक आयोग संकेतस्थळावर याद्या चित्ररूपात ठेवतो. त्यातील मजकूर संगणकाने थेट शोधता येत नाही. शोधता येणाऱ्या स्वरूपात याद्या मिळाव्यात, अशी मागणी कमल नाथ यांनी केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने ती मान्य केली नाही. मतदारांच्या माहितीचे सरसकट उत्खनन होऊ नये, ही आयोगाची भूमिका त्यामागे होती. याद्यांतील गोंधळ शोधू पाहणाऱ्यांना मात्र याच निर्णयाचा जाच होतो. दुबार नावे शोधायची तर हजारो पाने डोळ्यांखालून घालावी लागतात.

पालिका निवडणुकीसाठी वेगळी मतदार यादी तयार होत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. विधानसभेची यादीच राज्य निवडणूक आयोग स्वीकारतो आणि पालिकेची यंत्रणा तिचे प्रभागनिहाय विभाजन करते. जानेवारी २०२६ मध्ये राज्यातील २९ महापालिकांच्या निवडणुका याच रीतीने झाल्या. या यादीत मतदाराचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो. मोबाईल क्रमांक नसतो. तेव्हा प्रचाराच्या काळात नावानिशी येणारे संदेश आणि फोन मतदार यादीवरून आले, असे कोणी सांगत असेल तर ते अपुरे उत्तर आहे. नावाला क्रमांकाची जोड दुसऱ्या कोणत्या तरी यादीने दिलेली असते. ती यादी गृहनिर्माण संस्थेची असेल, दुकानातील असेल, एखाद्या आरोग्य शिबिराची असेल किंवा तक्रार नोंदवताना पालिकेला दिलेली असेल. तिचा माग काढणे नागरिकाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

निष्काळजीपणाचे सर्वांत ठळक उदाहरण आधारचे. आधार क्रमांक जाहीररीत्या प्रसिद्ध करण्यास २०१६ च्या आधार कायद्यानेच मनाई केली आहे. तरीही २०१७ मध्ये केंद्र व राज्य सरकारांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावे, पत्ते आणि आधार क्रमांक झळकल्याची कबुली केंद्राकडूनच देण्यात आली. यात चोरी कोणी केली नव्हती. पारदर्शकतेच्या उत्साहात याद्याच जशाच्या तशा चढवल्या गेल्या होत्या. लाभार्थ्यांची यादी प्रसिद्ध करणे हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार कर्तव्यच आहे. नावापुढचा आधारचा रकाना काढून टाकणे मात्र कोणाला सुचले नाही.

पालिकेकडून पुढे कोठे?

पालिकेच्या बाहेर माहिती जाण्याचे मार्ग ढोबळमानाने तीन आहेत. पहिला, तपास यंत्रणांचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम ९४ खाली न्यायालय किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी दस्तऐवज मागवू शकतो. हा मार्ग निदान लेखी असतो.

दुसरा मार्ग सरकारी विभागांमधील देवाणघेवाणीचा. येथे २०२३ मध्ये मोठा बदल झाला. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. तिने नोंदींचा राष्ट्रीय पातळीवरील साठा महानिबंधकांकडे ठेवण्याची तरतूद केली. केंद्र सरकारच्या मान्यतेने तो साठा लोकसंख्या नोंदवही, मतदार यादी, आधार, शिधापत्रिका, पारपत्र, वाहन परवाना आणि मालमत्ता नोंदणी सांभाळणाऱ्या यंत्रणांना उपलब्ध करून देता येतो. मृत मतदारांची नावे यादीतून वेळीच निघावीत, मृतांच्या नावावर धान्य उचलले जाऊ नये, हे त्याचे समर्थन आहे आणि ते पटण्यासारखे आहे. परंतु विभाग कार्यालयातील खिडकीवर बाळाच्या नोंदीचा अर्ज भरणाऱ्या आई-वडिलांना आपला आधार क्रमांक पुढे कोठवर जाऊ शकतो, याची कल्पना नसते.

तिसरा मार्ग ठेकेदारांचा, आणि खरी काळजी करण्याजोगा तोच आहे. करवसुलीची संगणक प्रणाली, मालमत्तांचे सर्वेक्षण, तक्रार निवारण केंद्र, रुग्णालयातील नोंदणी, वाहनतळ, रस्त्यांवरील कॅमेरे, ही कामे अनेक पालिका खासगी कंपन्यांकडून करून घेतात. निविदेत दर, मुदत, दंड यांची कलमे तपशीलवार असतात. करार संपल्यावर कंपनीने आपल्याकडील माहिती कधी नष्ट करायची आणि नष्ट केल्याचे कोणी तपासायचे, याविषयी मात्र प्रत्येक करारात तितकीच स्पष्टता असते असे नाही. करार हा सार्वजनिक दस्तऐवज आहे. तो मागून वाचण्याचा हक्क नागरिकाला आहे आणि नगरसेवकांनी तर तो वाचलाच पाहिजे.

तक्रारदाराचे नाव

या सगळ्यात प्रत्यक्ष जिवावर बेतू शकणारी माहिती एकच : तक्रार कोणी केली. अनधिकृत बांधकाम, नाल्यावरील अतिक्रमण, बेकायदा उपाहारगृह यांविरुद्ध पालिकेकडे अर्ज देणाऱ्या नागरिकांचा एक नेहमीचा अनुभव असतो. अर्ज दिला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पालिकेचे पथक येण्याऐवजी संबंधिताचा माणूस दारात येतो. नाव, पत्ता आणि मोबाईल क्रमांक त्याच्या हाती असतो. यासाठी कोणतीही संगणक प्रणाली फोडावी लागत नाही.

कायदा अशा तक्रारदाराच्या बाजूचा आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये, एखाद्याच्या जीविताला वा शारीरिक सुरक्षेला धोका निर्माण होईल अशी माहिती नाकारण्याची मुभा आहे. अर्जदाराला कारण विचारता येत नाही आणि संपर्कासाठी लागेल त्यापलीकडचा वैयक्तिक तपशील मागता येत नाही, असे कलम ६ सांगते. कोलकाता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अर्जदाराने टपालपेटीचा क्रमांक दिला तरी पुरे, असे म्हटले. २०१४ मध्ये केंद्राच्या कार्मिक विभागाने अर्जदारांचे वैयक्तिक तपशील संकेतस्थळावर टाकू नयेत, अशी सूचना काढली.

हे सारे कागदावर आहे. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांनी जमीन व्यवहारांतील गैरप्रकार उघडकीस आणले होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांची हत्या झाली. त्यांची ओळख लपलेली नव्हती. ते उघडपणे लढत होते. पण ज्याला उघडपणे लढायचे नाही, केवळ आपल्या गल्लीतील बेकायदा मजला थांबावा एवढेच हवे आहे, त्याला नाव गुप्त राहील याची खात्री नसेल तर तो अर्जच करणार नाही. अर्ज न येणे हीच काहींची सोय असते.

नवा कायदा आणि त्याच्या फटी

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित करण्यात आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू करण्यासाठी त्यापासून १८ महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत ठरवण्यात आली.

पालिकांच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. याआधी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ४३ अ खाली माहितीच्या हलगर्जीपणाबद्दल भरपाई मागता येत असे, पण ते कलम कंपन्या व व्यावसायिक संस्थांपुरते होते. पालिका त्यात येत नव्हत्या. नव्या कायद्यात त्या येतात. ठेकेदाराकडून चूक झाली तरी जबाबदारी पालिकेचीच राहील. माहिती फुटल्यास मंडळाला आणि बाधित नागरिकांना कळवावे लागेल. सुरक्षेची वाजवी उपाययोजना न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल. हा दंड केंद्राच्या एकत्रित निधीत जमा होणार. म्हणजे ज्याची माहिती फुटली त्या नागरिकाला भरपाई नाही आणि दंड मात्र त्याच्याच कराच्या पैशातून, असा हा हिशेब आहे.

फटीही आहेत. अनुदान, सेवा, दाखला, परवाना देण्यासाठी किंवा कायद्याने सोपवलेले काम पार पाडण्यासाठी शासनसंस्थेला ठरावीक अटींवर स्वतंत्र संमतीशिवाय माहिती वापरता येते. माहिती पाहण्याचा व दुरुस्त करून घेण्याचा हक्क मुख्यतः संमतीने दिलेल्या माहितीपुरता आहे. माहिती पुसून टाकण्याच्या बंधनातून शासनसंस्थांना सूट आहे. कायद्यानुसार जाहीर झालेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. आणि कायदा डिजिटल माहितीपुरता असल्याने, तक्रार अर्जाची कागदी प्रत खिडकीमागून कोणी कोणाला दाखवली, तर त्याला हा कायदा लागूच होत नाही.

झाकले जाते ते काय?

याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यात केलेली दुरुस्ती मात्र थांबलेली नाही. ती नोव्हेंबर २०२५ मध्येच अमलात आली. पूर्वी कलम ८(१)(ञ) नुसार, सार्वजनिक कामकाजाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अनाठायी आक्रमण करणारी वैयक्तिक माहितीच नाकारता येत असे. जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे पालुपदही त्याला होते. दुरुस्तीनंतर एवढेच उरले, की वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती देण्याचे बंधन नाही.

२०१२ मधील गिरीश रामचंद्र देशपांडे खटल्याच्या निकालापासूनच कर्मचाऱ्यांच्या कारवाईची व मालमत्तेची माहिती वैयक्तिक म्हणून नाकारण्याकडे कल वाढला होता. आता त्याला मोकळे रान मिळाले आहे. ठेकेदाराचे देयक कोणी मंजूर केले, खड्डे बुजवल्याचे प्रमाणपत्र कोणत्या अभियंत्याने दिले, बेकायदा मजल्याला नोटीस न काढणारा अधिकारी कोण, या प्रत्येक उत्तरात कोणाचे तरी नाव येतेच. नाव आले की माहिती वैयक्तिक, असा अर्थ लावला गेला तर बहुतेक फायली बंद होतील. संरक्षण हवे होते ते क्षयरुग्णाला आणि तक्रारदाराला. कायद्याचा तात्काळ लाभ मात्र स्वाक्षरी करणाऱ्यांना मिळतो आहे.

एक दार शिल्लक आहे. कलम ८(२) दुरुस्तीतून वगळले गेले. संरक्षित हितापेक्षा सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते, असे ते कलम म्हणते. फरक असा, की आता अर्जदाराला ते सार्वजनिक हित पटवून द्यावे लागेल. म्हणून अर्ज करताना आणि विशेषतः प्रथम अपिलात या कलमाचा स्पष्ट उल्लेख करणे हिताचे.

नागरिकाच्या हाती

आधारची छायाप्रत मागितली जाते तेथे फक्त शेवटचे चार अंक दिसणारी प्रत चालेल का, हे विचारावे. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ती मोफत मिळते. कोणतीही छायाप्रत देताना तिच्यावर कामाचे नाव आणि तारीख लिहून सही करावी. पुढे ती प्रत भलत्याच ठिकाणी सापडली तर निदान कोठून गेली ते कळते.

आपली माहिती पालिकेने कोणत्या ठेकेदाराकडे सोपवली, हे जाणून घेण्यासाठी माहिती अधिकारात कराराची प्रत मागता येते. दहा रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक लावलेला अर्ज पुरतो. करार हा पालिका आणि कंपनी यांच्यातील असल्याने वैयक्तिक माहितीचे कारण येथे लागू पडत नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांतील अभिलेख दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना पाहता यावेत, असा शासन निर्णय २०१८ मध्ये निघाला होता. त्याचा दाखला देऊन फाईल प्रत्यक्ष पाहण्याची मागणीही करता येईल.

बेकायदा बांधकामाची तक्रार करणाऱ्याने अर्जातच आपली ओळख गुप्त ठेवण्याची लेखी विनंती करावी, कलम ८(१)(छ) चा उल्लेख करावा आणि पोच घ्यावी. नंतर धमकीचा फोन आलाच, तर तो आल्याची तारीख आणि अर्ज आवक झाल्याची तारीख यांतील अंतर हाच पोलीस तक्रारीतील पहिला पुरावा ठरतो.